समोरचा दात आणि क्लॅरिनेट

रूट कॅनल करून घेताना मला मजा आली, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की भूल अजून उतरलेली नाही. पण ते खरं आहे. अगदी सगळंच मजेचं होतं असं नाही. त्या पाच आठवड्यांत मी रडले, नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि एक मूर्खपणा असा केला की त्याची शिक्षा माझ्या वरच्या ओठाने भोगली. तरीही खुर्चीत उताणी पडून, बाजूच्या पडद्यावर माझ्याच दाताच्या आतलं जग मी पाहिलं तो एक तास आठवला की आजही हुरूप येतो. ज्यांना रूट कॅनल सांगितलंय आणि जे आज-उद्या करत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी वैशाली. माझं माहेर चांदीपचं, वडिलांची भातशेती. लग्नानंतर विरार पूर्वेला फुलपाड्यात आले. एका मराठी शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते. घरात नवरा प्रकाश आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, आणि इतक्या वर्षांनीही त्यांची भाषा तिकडचीच आहे. मुलगी पुण्याला शिकते. ती गेली आणि घरात संध्याकाळ नावाची एक मोठी रिकामी जागा तयार झाली. क्लॅरिनेट त्या जागेत शिरलं.

वेड लागलं ते

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही राजोडीला समुद्रावर गेलो होतो. परतताना एका घराच्या ओट्यावर सात-आठ माणसं बॅन्डची तालीम करत बसलेली दिसली. त्यातलं एक काळं, लांब वाद्य इतकं गोड आणि इतकं मोकळं वाजत होतं की मी प्रकाशला स्कूटर थांबवायला लावली. वाजवणारे गृहस्थ सत्तरीचे होते. बस्त्याव मास्तर. तरुणपणी होडीवर जायचे, आता गावच्या बॅन्डचे मुख्य. मी किती वेळ उभी आहे ते पाहून त्यांनी वाद्य तोंडातून काढलं आणि विचारलं, "टीचर काय तुमी?"

"हो. कसं ओळखलंत?"

"हाताची घडी घालून उभ्या हाव ना, म्हनून." मग हसून म्हणाले, "शिकायचं असेल तर येवा. वय कोन विचारत नाय इथं."

मी गेले. पहिला धड सूर निघायला आठ दिवस लागले. फ्लॅटमध्ये आवाज होतो म्हणून न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल लावून रियाज करायचे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं की तुमच्याकडे बदक पाळलंय का. पण हळूहळू बदक गेलं आणि क्लॅरिनेट आलं. आणि यंदा मास्तर म्हणाले, "सनाला तुमी आमच्यात बसा."

त्यांच्या गावच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक सण. संध्याकाळी मिरवणूक, आणि मग देवळाच्या अंगणात बॅन्ड वाजतो. त्यातल्या एका चालीत मधला तुकडा मी एकटीने वाजवायचा, बाकीचे सगळे गप्प. सेहेचाळीसाव्या वर्षी, माझ्या स्वतःच्या म्हणून एखाद्या गोष्टीसाठी मी पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहणार होते. सणाला पाच आठवडे होते.

दुखणं

क्लॅरिनेट वाजवताना वरचे समोरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकतात. वाद्याचा भार त्यांच्यावर असतो. माझा त्यातला डावा दात जरा करड्या रंगाचा होता. अकराव्या वर्षी चांदीपला चिंचेच्या झाडाला बांधलेल्या झोपाळ्यावरून मी तोंडावर पडले होते. रक्त आलं, आईने हळद दाबली, दात हलला आणि पुन्हा बसला. त्यानंतर पस्तीस वर्षं त्याने एकदाही तक्रार केली नाही. फोटोत मी ओठ मिटून हसते, एवढंच.

आता रियाज केला की तो दात ठणकायला लागला. मला वाटलं, जास्त वाजवतेय म्हणून असेल. मग न वाजवताही ठणकू लागला. मग त्याच्यावर हिरडीला एक फोड आला. जीभ सारखी तिथेच जायची. सासूबाईंनी लवंग दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, आणि निर्णयही दिला.

"काढून टाक गो तो दात. सुटशील. पण डॉक्टराक आत कोरूक देव नको. वरच्या दाताक हात लावलो की डोळ्याक बाधता. माझ्या आवशीचो डोळो असोच गेलो."

मी विज्ञानाची शिक्षिका. हसायला हवं होतं. पण दात दुखत असताना माणूस सगळ्यावर विश्वास ठेवतो. मी आरशात डोळाही तपासला.

मेलेला दात कसा दुखतो

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी डॉ. मेघांकडे गेले. वसईच्याच बागायतदार घरातल्या त्या. आजोबांची केळीची बाग होती तिथल्या इमारतीत खाली त्यांचा दवाखाना. पस्तिशीच्या असतील. बोलतात कमी, दाखवतात जास्त.

त्यांनी कापसाच्या बोळ्यावर कसलासा गार फवारा मारून तो शेजारच्या दाताला टेकवला. मी खुर्चीतून उडालेच. मग तो माझ्या करड्या दाताला टेकवला. काहीच नाही. जणू तो कोणा दुसऱ्याच्या तोंडात होता.

"हा आतून मेलाय, मॅडम," त्या म्हणाल्या.

"मग दुखतो कसा?"

हा प्रश्न मी रुग्ण म्हणून नाही, शाळेतली बाई म्हणून विचारला होता. त्यांना तो आवडला असावा. त्यांनी खुर्चीच्या शेजारचा कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या दाताचा एक्स-रे. मुळाच्या टोकाशी एक काळी, गोल सावली, साधारण मुगाच्या दाण्याएवढी.

"दात दुखत नाहीये. दाताच्या टोकाशी जे हाड आहे, ते दुखतंय. इथलं हाड विरघळलंय, म्हणून काळं दिसतंय."

बावीस वर्षं मी फळ्यावर दाताची आकृती काढत आले. बाहेर पांढरा खडू, आत पिवळा, मध्ये लाल. त्या लाल भागाला मी मुलांना "दाताचा गाभा" म्हणून सांगायचे आणि एखाद्या तळ्यासारखा बंद करून टाकायचे. मुळाच्या टोकाला त्या तळ्याला एक बारीकशी मोरी असते, तिथूनच रक्त आणि नस आत येतात, हे मी कधी काढलंच नव्हतं. डॉक्टरांनी पेनाने ते भोक दाखवलं. आतली नस मेली की ती तिथेच कुजते. जंतू वाढतात आणि त्या भोकातून हाडात उतरतात.

"आणि गोळ्या?"

"गोळी रक्तातून जाते. या दाताच्या आत आता रक्तच जात नाही. गोळीने बाहेरची सूज उतरेल, पण आतला कारखाना चालूच राहील. म्हणून आत जाऊन साफ करायचं, धुवायचं, आणि पुन्हा कोणी राहायला येऊ नये असं भरून टाकायचं. रूट कॅनल म्हणजे एवढंच."

मी ठणका विसरले. खरंच विसरले. एवढी साधी, एवढी सुंदर गोष्ट माझ्या तोंडात चालू होती आणि मला पत्ता नव्हता.

मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. शेजारच्या दाताच्या मुळात मधोमध एक काळी रेघ दिसत होती. ती आतली वाट. माझ्या दातात ती रेघ जवळजवळ नव्हतीच.

"मार लागल्यावर आतली नस लगेच मेली नसणार. ती वर्षानुवर्षं स्वतःभोवती भिंत बांधत राहिली. वाट बारीक होत होत बुजली, आणि मग कधीतरी नस मेली. अशा दातात वाट शोधणं अवघड जातं."

"नाही सापडली तर?"

"तर हिरडीच्या बाजूने छोटं ऑपरेशन. तेही नाही जमलं तर दात काढावा लागेल."

मी त्यांना क्लॅरिनेटचं सांगितलं. सांगताना रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. लोकांना काय काय आजार असतात आणि मी एका दातासाठी आणि एका वाद्यासाठी रडत होते. डॉक्टरांनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "एकदा घेऊन या ते. भार कुठे पडतो मला बघू दे."

त्या दिवशी त्यांनी भूल देऊन हिरडीला बारीकशी चीर दिली, पू काढला. इंजेक्शनची टोचणी सोडली तर काही दुखलं नाही. घरी पोचेपर्यंत ठणका थांबला होता. त्यांच्याकडे दर गुरुवारी मायक्रोस्कोपवर काम करणारे एक स्पेशालिस्ट येत. गुरुवारी वाट शोधायची, तोवर क्लॅरिनेट बंद, असं ठरलं.

भांडण

रात्री जेवताना मी प्रकाशला सगळं सांगितलं. मला वाटलं तोही माझ्यासारखा थक्क होईल. तो दिवसभराचा दमलेला होता.

"काढून टाक ना वैशू. आई म्हणते ते बरोबर आहे. नवीन बसवता येतो हल्ली."

"बसवता येतो. पण स्वतःचा वाचत असेल तर का काढायचा? आणि सणाआधी ते सगळं होणार नाही."

"म्हणजे तुला दातापेक्षा त्या पिपाणीचीच काळजी आहे."

पिपाणी हा शब्द मला लागला. दोन वर्षांत तो एकदाही तालमीला आला नव्हता, हेही त्याच क्षणी आठवलं. मी ताट उचललं आणि आत गेले. नंतर आम्ही दोन दिवस फक्त "दूध आणलंस का" एवढंच बोललो.

आणि इथे मी तो मूर्खपणा केला. ठणका गेला होता. फोड बसला होता. गुरुवारी संध्याकाळीच बॅन्डची मोठी तालीम होती. मी दवाखान्यात फोन करून "पुढच्या आठवड्यात येते" म्हणाले आणि राजोडीला गेले. दीड तास वाजवलं. मास्तरांपाशी दाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी येताना मला वाटत होतं की मी सगळ्यांवर मात केलीय. दातावर, नवऱ्यावर, सासूवर.

दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नसतं, हे मला कळत होतं. वर्गात मी हेच शिकवते. पण कळणं आणि ऐकणं यात फार अंतर असतं.

ओठ

पुढच्या बुधवारी सकाळी उठले तर वरचा ओठ नाकापर्यंत सुजलेला. डाव्या डोळ्याखाली जड झालं होतं. आरशातला चेहरा माझा नव्हता. अंगात कणकण. प्रकाश कामावर निघून गेला होता. मी त्याला उठवलं नव्हतं आणि त्याने मला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, देवापुढचा दिवा सरळ केला आणि साडी बदलून आल्या.

"चल. मी येतंय."

रिक्षात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. डोळ्याखालची सूज बघून त्यांना त्यांची आई आठवत असणार.

डॉ. मेघांनी मला ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. पुन्हा पू काढला, औषधं लिहिली, आणि मग सासूबाईंकडे वळल्या, कारण त्या दारातच उभ्या राहून विचारत होत्या, "डोळो वाचात मा?"

"आजी, बसा. तुमच्या आईचा डोळा कसा गेला?"

सासूबाईंनी सांगितलं. गावात एकाने दात उपटला, आणि डोळा गेला.

"लगेच?"

सासूबाई आठवू लागल्या. "लगेच नाय. चार वर्षांनी."

"म्हणजे दात काढला होता, वाचवला नव्हता. आणि डोळा चार वर्षांनी गेला. तेव्हा मी नव्हते, त्यामुळे कशाने गेला ते मी सांगू शकत नाही. मोतीबिंदूही असेल. पण दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. वरच्या दातावर इलाज केल्याने डोळा जात नाही. उलट इलाज टाळला तर हा पू वर सरकू शकतो. भ्यायचं असेल तर त्याला भ्यायचं."

सासूबाई आत येऊन खुर्चीवर टेकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मगे गेल्या गुरवारी खंय गेल्लंस तू?"

मी औषधांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवायला घेतली.

संध्याकाळी प्रकाश आला. माझं तोंड पाहून त्याने पिशवी जमिनीवर ठेवली आणि दारातच उभा राहिला. सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बोलावून काय सांगितलं मला माहीत नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "उद्या रजा टाकतो."

सापडलेली वाट

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत मी पाठीवर पडले तेव्हा प्रकाश कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. मीच डॉक्टरांना विचारलं होतं, त्याला आत बसू द्याल का. स्पेशालिस्ट डॉक्टर पन्नाशीचे, अतिशय शांत. त्यांनी तोंडावर रबराचा एक निळा पडदा ताणून बसवला, त्यातून फक्त तो एक दात बाहेर. ज्यांना भीती वाटते त्यांना सांगते, हा पडदा फार मोठा दिलासा असतो. औषध घशात जात नाही, काही सांडत नाही. आपलं तोंड जणू पलीकडे राहतं आणि आपण फक्त नाकाने श्वास घेत बसायचं.

मायक्रोस्कोपचं चित्र बाजूच्या पडद्यावर दिसत होतं. मी मान न हलवता डोळे वळवले की दिसायचं. दाताच्या मागच्या बाजूने पाडलेलं एक छोटं भोक, आणि आत पिवळट, गुळगुळीत भिंत. वाट नाही.

डॉक्टर अगदी थोडं थोडं कोरायचे, धुवायचे, थांबायचे, एक्स-रे काढायचे, दिशा बघायचे. धुवायच्या औषधाला पोहण्याच्या तलावासारखा वास होता. वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. ते मध्ये मध्ये हळू आवाजात सांगत होते.

"भिंतीचा रंग बदलतोय, दिसतंय का? बाहेरचा भाग फिकट, मधला जरा गडद. वाट बुजली तरी रंग राहतो. त्या गडद रंगाच्या मागे जायचं."

मला दिसत होतं. पिवळ्यात एक तपकिरी ठिपका, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. मी हाताची मूठ इतकी आवळली होती की नखं रुतली. डॉ. मेघांनी ते पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय?" मी बोट हलवून नाही म्हटलं. दुखत नव्हतंच. मला फक्त कळायला हवं होतं की तो ठिपका म्हणजे वाट आहे की नुसताच डाग.

त्यांनी केसासारखी बारीक सुई त्या ठिपक्यावर टेकवली आणि बोटांत अलगद फिरवली. सुई घसरली. पुन्हा टेकवली. घसरली. तिसऱ्यांदा ती जिथे टेकली तिथेच थांबली. त्यांनी बोटं सोडली तरी सुई उभी राहिली.

"लागली," ते म्हणाले.

सुईला एक तार जोडली होती. तिचं दुसरं टोक एका छोट्या यंत्राला. सुई आत सरकू लागली तसं यंत्र टिक टिक करू लागलं. मुळाचं टोक जवळ येईल तशी टिकटिक जवळजवळ होत जाते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त आवाज ऐकू येत होता, आधी सुटा सुटा, मग भरभर, मग एकच सलग सूर.

कोपऱ्यातून प्रकाशचा आवाज आला. "पोचलं?"

तो स्टुलावरून उठून पडद्यापाशी येऊन उभा होता. मला माहीत नाही तो कधी उठला.

"पोचलं," डॉक्टर म्हणाले.

रबराच्या पडद्यामागे मला बोलता येत नव्हतं, हसताही येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी मात्र कानापर्यंत गेलं आणि प्रकाशने ते त्याच्या शर्टाच्या बाहीने पुसलं. आतून साफ करून, औषध घालून, वर तात्पुरतं भरून त्यांनी मला उठवलं तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "कसलं भारी होतं ते." मग जरा वेळाने, "पिपाणी म्हणालो ते चुकलं माझं."

मास्तरांचे दात

दोन आठवड्यांनी दात कायमचा भरायचा होता. तोवर त्या दातावर वाद्याचा भार नको, असं डॉ. मेघांनी क्लॅरिनेट हातात घेऊन, त्याचं तोंड नीट बघून सांगितलं होतं. आणि दात भरल्यावर तीन दिवसांनी सण.

मी राजोडीला गेले आणि मास्तरांना आधी खरं सांगितलं. गेल्या तालमीला का आले, काय लपवलं, काय झालं, प्रकाश आत स्टुलावर कसा बसला. मग मी म्हणाले, "माझा तुकडा दुसऱ्या कोणाला द्या."

मास्तर उठले, मोरीवर गेले, हात धुतले. परत येऊन माझ्यासमोर बसले आणि तोंडातून वरची अख्खी कवळी काढून रुमालावर ठेवली. त्यांचा वरचा ओठ आत गेला आणि ते एकदम खूप म्हातारे दिसले. मग त्यांनी क्लॅरिनेट उचललं, वरचा ओठ हिरडीवर आत दुमडला, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडला, आणि वाजवलं.

पहिल्या रविवारी ज्या आवाजासाठी मी स्कूटर थांबवायला लावली होती, तो हाच.

कवळी बसवून ते म्हणाले, "चौदा वर्सं असाच वाजवतो. कोनाला सांगितलं नाय. दोन्ही ओठ दुमडायचे. दात लागतच नाय वाद्याला. पन ओठ लई दुखतील, पहिले आठ दिवस शिव्या द्याल मला."

दिल्या. मनातल्या मनात. ओठ सोलवटले, सूर पुन्हा बदकासारखे निघाले, वरच्या काकूंनी परत चौकशी केली. दहा मिनिटं वाजवायचं, थांबायचं, पुन्हा दहा मिनिटं. पण या पद्धतीत वाद्य दाबता येत नाही, अलगद धरावं लागतं, आणि अलगद धरलं की आवाज मऊ येतो. दहाव्या दिवशी सासूबाई न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "आता बरा वाजता. दार उघड, भायर बसून वाजय."

भरलेला दात

शेवटची भेट चाळीस मिनिटांची. आतून सगळं कोरडं आणि स्वच्छ होतं. डॉक्टरांनी रबरासारख्या एका पदार्थाने वाट टोकापर्यंत भरली, मागचं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. मला वाटत होतं वरून टोपी, म्हणजे कॅप, घालावीच लागते. दाढांना बहुतेक वेळा लागते म्हणे, पण समोरचा दात बाकी शाबूत असेल तर नेहमीच लागत नाही. नंतर दोन दिवस चावताना थोडं चुरचुरलं, एक गोळी पुरली. एक्स-रेमध्ये मुळात आता पांढरीशुभ्र सरळ रेघ दिसत होती, वरपासून टोकापर्यंत. टोकाची काळी सावली तशीच होती. ती भरायला हाडाला महिने लागतात, सहा महिन्यांनी बघू, असं डॉ. मेघा म्हणाल्या.

मी तो एक्स-रे फोनमध्ये घेतला आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर दात काढला. यावेळी लाल तळ्याला खाली मोरी ठेवली. मुलांनी इतके प्रश्न विचारले की तास संपल्यावर पुढचे सर दारात थांबून होते.

सण

रविवारी संध्याकाळी देवळाच्या अंगणात खुर्च्या भरल्या होत्या. लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, फुगे घेतलेली पोरं, पांढऱ्या झग्यातले फादर. मिरवणुकीत दीड तास वाजवून माझे ओठ आधीच थकले होते. प्रकाश आणि सासूबाई तिसऱ्या रांगेत बसले होते. सासूबाईंनी लग्नाला नेसतात तसली साडी नेसली होती.

चाल सुरू झाली. माझा तुकडा आला. सगळी वाद्यं थांबली आणि मला माझा श्वास ऐकू आला. मी दोन्ही ओठ दुमडले आणि वाजवलं.

तिसऱ्या सुराला आवाज किंचित फाटला. मला वाटलं संपलं. पण पुढचा सूर आपोआप आला, आणि त्याच्या पुढचा, आणि मग मी अंगण, माणसं, दात सगळं विसरले. अर्ध्या मिनिटाचा तुकडा. शेवटचा सूर मी मास्तरांनी सांगितला होता त्याहून लांब धरला, कारण मला तो सोडवेना. मग बॅन्ड परत सुरू झाला आणि ढोलवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

नंतर चहा-पाव खात सगळे उभे होते. मास्तर माझ्याजवळ आले. मला वाटलं फाटलेल्या सुराबद्दल बोलतील. ते इकडे तिकडे बघत होते. प्रकाश लांब गेला तसं त्यांनी आवाज खाली केला.

"टीचर, वरचे सगळे मी भिऊन काढले. एक दुखला की काढ, दुसरा दुखला की काढ. कोनी सांगितलंच नाय की वाचवता येतो." त्यांनी गालाच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. "ही दाढ तीन महिने झाले ठनकते. घरी बोललो नाय. बोललो तर पोरगा म्हनेल काढा."

मी कप खाली ठेवला.

"तुमची ती डॉक्टरीन," ते म्हणाले, "सोमवारी असते काय?"

"असते. मी शाळेतून लवकर निघते. तुम्हाला घ्यायला येते."

"तुमी आत बसाल ना? स्टुलावर?"

"बसेन," मी म्हणाले. "आणि पडदा तुमच्याकडे वळवायला सांगेन."